‘इंटरॅक्टिव्ह स्टोरी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा : बातमीदारीतल्या ‘इंटरॅक्टिव्ह स्टोरी’साठी, म्हणजे वाचक काय करतो त्यानुसार बदलत जाणाऱ्या ऑनलाइन बातमीसाठी, ‘परस्परसंवादी बातमी’ बरोबर आहे का?

रूढ आहे, पण मला पटत नाही. एक तर उच्चारताना जीभ अडखळते. दुसरं म्हणजे संवादाला दोघं लागतात. इथे वाचक बटण दाबतो आणि आधीच रचून ठेवलेल्यातलं एक उत्तर पुढे येतं. नुसतं ‘संवादी’ म्हणावं, तर ते गाण्यातल्या मंडळींनी ‘वादी-संवादी’ स्वरांसाठी कधीचंच घेऊन ठेवलंय.

आधी वस्तूच पाहू. न्यूयॉर्क टाइम्सनं डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकी बोलींवर २५ प्रश्नांची प्रश्नमंजूषा दिली होती. फसफसणाऱ्या गोड पेयाला तुम्ही सोडा म्हणता, पॉप की कोक? चारचौघांना मिळून हाक मारताना ‘यू गाइज’ की ‘यॉल’? दर उत्तराला नकाशाचे रंग बदलत, आणि शेवटी तुमच्यासारखं बोलणारा मुलूख लाल होई. वर्ष सरायला जेमतेम दहा-बारा दिवस उरले असताना आलेलं हे पान त्या वर्षात त्यांच्या साइटवर सर्वाधिक पाहिलं गेलं. बातमी प्रत्येकाची वेगळी, कारण ती ज्याच्या-त्याच्या उत्तरांतून घडत होती.

त्याच दैनिकाची २०१२ची ‘स्नो फॉल’ वेगळी. वॉशिंग्टन राज्यातल्या हिमप्रपाताची ही कहाणी, तिला पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिकही मिळालं. व्हिडिओ, हलते नकाशे, सगळं आहे; पण आपण फक्त स्क्रोल करत जातो आणि गोष्ट सगळ्यांना तीच मिळते. तिला इंटरॅक्टिव्ह म्हणणं जरा सैलच.

आणि तिसरा प्रकार आपल्या घरचा, कापूसकोंड्याची गोष्ट! ‘सांगू?’ ‘सांग.’ ‘सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ ऐकणारा काहीही म्हणो, उत्तर हजर. गोष्ट मात्र जागची हलत नाही. बऱ्याच साइटवरची चकचकीत बटणं याच कुळातली.

वाचकानं काही केलं की बातमीनं त्याला प्रतिसाद द्यायला हवा, म्हणून माझा कौल ‘प्रतिसादी बातमी’ला. ‘प्रतिसाद’ म्हटल्यावर लेखाखालचा अभिप्राय आठवेल, हा आक्षेप मान्य. पण ‘वाचक-सहभागी’पेक्षा तो सुटसुटीत आहे. आपसात बोलताना ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणाच, कुणी अडवत नाही. आणि वाचकासमोर यातला कुठलाच शब्द नको. तिथे सरळ लिहा, ‘तुमचा तालुका निवडा’.