ईईजीवरून शाखा ठरत नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईंनी लिहिलंय: मुलगा दहावीत. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवणारी चाचणी, करून सायन्स की कॉमर्स ते सांगतात म्हणे, करून घ्यावी का? मुलगी बारावीला, बी ग्रुपमध्ये, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र. तिला हे ईईजीचं मशीनच शिकायचंय, आणि घरच्यांना ते खूळ वाटतं.

ताई, मुलाची चाचणी करू नका. चाचणी खोटी नाही, पण तुम्ही मागताय ते उत्तर तिच्यात नाही.

डोक्याला जेल लावून इलेक्ट्रोड बसवतात, कानाला हेडफोन. एकच आवाज पुन्हा पुन्हा येतो, मध्येच एखादा वेगळा. तो आला की मुलाने बटण दाबायचं. त्या वेगळ्या आवाजानंतर साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उठते, ती पी-300. सॅम्युअल सटन आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये ती दाखवली. ती जेमतेम काही मायक्रोव्होल्टची, एका नोंदीत सहसा ओळखूही येत नाही. अनेक नोंदींची सरासरी काढावी लागते. पोराने पापण्या मिचकावल्या की तेवढ्या नोंदी बाद. लहान मुलांत ती उशिरा येते, वयाबरोबर लवकर येऊ लागते. म्हणून निरोगी मुलांचं लक्ष आणि मेंदूचा वेग वयानुसार कसा बदलतो, हे गटागटाने अभ्यासायला ती फार मोलाची आहे. पण झोप कमी झाली तरी ती बदलते. तिच्यावरून एका मुलाची शाखा कशी ठरवणार? ते पैसे वाचवा. तो न सांगता कुठलं पुस्तक उघडतो, कुठल्या विषयाला टाळाटाळ करतो, ते चार महिने बघा.

मुलीचं मात्र मनावर घ्या. हे खूळ नाही. नीटचे मार्क चांगले आले तर एमबीबीएस आणि पुढे एमडी फिजिऑलॉजी, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं त्याचं शास्त्र. अशा नोंदी घेण्याचं काम बऱ्याच मेडिकल कॉलेजांत त्याच विभागात चालतं. नाही जमलं तर महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्राची पदवी, आणि नंतर आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्समध्ये, म्हणजे मन आणि मेंदूच्या शास्त्रात, एमएस्सी. बी ग्रुपमुळे गणित सुटलंय, हीच खरी अडचण. लहरींची सरासरी काढायची तर संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग लागतंच. बोर्डाची परीक्षा झाली की सुट्टीत पायथन शिकायला बसवा. आणि मेडिकल कॉलेजच्या फिजिऑलॉजी विभागात विचारून एखादी नोंद प्रत्यक्ष बघता आली तर तिला जरूर घेऊन जा. इलेक्ट्रोड लावण्यात किती वेळ जातो, मूल कसं कंटाळतं, हे बघूनही तिला हवंसं वाटलं, तर अडवू नका.