आधी समन्सची तारीख, मग धुराचा डबा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका फोटोग्राफर वाचकाने विचारले आहे की, प्री-वेडिंगच्या शूटसाठी रंगीत धुराचे डबे वापरणे हा गुन्हा आहे का. लग्नसराई आली की निपाणीपासून लोंढ्यापर्यंत हाच प्रश्न येतो. पण या पत्रातली खरी गोष्ट शेवटच्या चार ओळींत आहे. शूट चालू असताना डबा तापला, नवऱ्या मुलाच्या भावाने तो हातातून टाकून दिला, वाळलेले गवत पेटले आणि शेजारच्या शेतकऱ्याची गंजी व थोडा ऊस जळाला. भावाच्या तळव्याला फोड आले. पोलिसांनी पंचनामा केला, गुन्हा नोंदवला नाही. शेतकऱ्याने भरपाईचा दावा लावला. समन्स घरी आले तेव्हा वाचक शूटसाठी बाहेरगावी होते, म्हणून एकत्र राहणाऱ्या आईने सही करून ते घेतले. कागद कन्नडमध्ये, म्हणून 'नंतर कोणाकडून तरी वाचून घेऊ' म्हणत कपाटात ठेवला. त्याला आता सत्तर दिवस होत आले.

अहो, सगळा निकाल या सत्तर दिवसांत आहे! समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. पुढे कोर्ट कारणे नोंदवून मुदत वाढवू शकते, तीही बजावणीपासून ९० दिवसांपर्यंत. साध्या दिवाणी दाव्यात ही मर्यादा अगदी अपवादात्मक कारणासाठी ओलांडता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले आहे. त्यावर विसंबून राहू नका. 'कागद कन्नडमध्ये होता' हे अपवादात्मक कारण ठरणार नाही. आईने सही केली, मला मिळालाच नाही, हेही चालणे कठीण. तुम्ही घरी नसताना सोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला दिलेले समन्स योग्य बजावणी धरले जाते.

मराठीत कागद मिळावेत ही आपली मागणी रास्त आहे आणि ती सोडायचे कारण नाही. पण मुदत तिच्यासाठी थांबत नाही. आपल्याकडे कोर्ट म्हणजे वर्षानुवर्षे, असा समज पक्का बसला आहे, आणि तो कोर्टांनीच बसवला आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा अजून निकाली निघालेला नाही. निकालाला वीस वर्षे लागोत, कैफियतीची मुदत मात्र पहिल्या दिवसापासून धावते. हा फरक न कळल्याने चांगली बाजू असलेली माणसे हरताना पाहिली की जीव तुटतो.

म्हणून उद्या सकाळी समन्स घेऊन वकिलाकडे जा. त्यावरच्या दावा क्रमांकावरून ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख आणि दाव्याची स्थिती दिसेल. हजर न राहिल्याने तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम झाला असेल, तर तो उठवण्याचा अर्ज, विलंबमाफीचा अर्ज आणि कैफियत एकदमच दाखल करा. हुकूमनामाच, म्हणजे दाव्याचा निकालच, झाला असेल, तर तो रद्द करून घ्यायला त्या तारखेपासून ३० दिवस असतात.

कैफियतीत काय लिहायचे ते पुराव्यावर ठरेल. डबा कोणी पेटवला, हातमोजे दिले होते का, वारा कोणत्या दिशेचा होता, गंजी किती अंतरावर होती, हे सगळे तुमच्याच मेमरी कार्डवर वेळेसकट आहे. मूळ फाइल्स जशाच्या तशा ठेवा. त्यातली एखादी तुमच्या अंगलट येणारी असली तरी पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे. डबा टाकणाऱ्यालाही दाव्यात ओढायचे का, हे वकिलाने ती चित्रफीत पाहूनच ठरवावे.

आता मूळ प्रश्न. नुसता रंगीत धूर केला म्हणून गुन्हा होत नाही. पण आगीबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणाला इजा झाली तर कलम १२५ लागू शकते. तुमच्या बाबतीत पंचनाम्यावर विषय मिटला असे समजू नका. इजा साधी असेल तर अशा गुन्ह्यांची दखल घ्यायला कोर्टाला साधारण एक वर्ष असते. डबे परदेशी बनावटीचे असतील तर आणखी अडचण, कारण परवान्याशिवाय फटाके आयात करता येत नाहीत. खोक्यावर उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक नसेल, तर माल घेऊ नका. असेल तर बिल जपून ठेवा. रेल्वेतून असा माल नेणे रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा ठरू शकतो.

जागेचेही पाहा. भीमगड अभयारण्यात किंवा राखीव जंगलात हे डबे नेऊच नका. बेळगावचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिथल्या दगडावर रंग बसला तर प्रकरण वाढेल. सांबऱ्याच्या विमानतळाजवळ आणि लष्करी हद्दीत धूर करू नये. खाजगी शेतात जमीनमालकाची लेखी संमती घ्या, ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या. प्रत्येक ठाणे सारखेच वागेल असे सांगता येत नाही.

या डब्यांत बहुधा पोटॅशियम क्लोरेट, साखरेसारखे इंधन आणि रंग असतो. क्लोरेट स्वतःच ऑक्सिजन पुरवते, म्हणून माती टाकून किंवा गोणपाटाने झाकून डबा विझत नाही. धूर मिनिट-दीड मिनिटात संपतो, पण डब्याचे अंग नंतरही भाजण्याइतके तापलेले असते. हातात धरायचाच असेल तर जाड चामडी हातमोजा घाला, हात लांब ठेवा, पाठीवर वारा घ्या. नायलॉनचा शालू किंवा ओढणी जवळ नको. डबा ठेवायला उघडी माती, आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. धूर संपला की डबा चिमट्याने उचलून त्यात बुडवायचा. दम्याच्या माणसाला धुरात उभे करू नका.

समन्सच्या पाठीमागे बजावणीची तारीख असेल. ती आईला विचारून खात्री करून घ्या आणि वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.