ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानातील 'व्हर्च्यू' म्हणजे आपला 'सद्गुण'च का?

प्राचीन ग्रीक आणि रोमन ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांत जागोजागी येणारा 'व्हर्च्यू' हा शब्द मराठीत 'सद्गुण' असाच समजावा का, असे तुम्ही विचारले आहे. 'सद्गुण' चुकीचा नाही. पण तो वाचताच निर्व्यसनी, नाकासमोर चालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि तिथेच घोटाळा होतो. ग्रीक अर्थाच्या जवळ जायचे असेल तर 'सद्' बाजूला ठेवून नुसता 'गुण' घ्यावा, आणि तोही 'त्या औषधाचा गुण आला' या वाक्यातला.

मूळ ग्रीक शब्द 'अरेते'. ती घोड्याला असते, डोळ्याला असते, हत्यारालाही असते. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस म्हणतो की द्राक्षवेल साध्या सुरीनेही छाटता येईल, पण छाटणीसाठीच घडवलेल्या कोयत्याने ते काम जितके चांगले होते तितके दुसऱ्या कशाने होत नाही. आणि ज्याला नेमलेले काम आहे, त्याला ते उत्तम रीतीने पार पाडणारी अरेतेही असते. मग आत्म्याचे काम कोणते? देखरेख, विचारविनिमय आणि जगणे. आणि त्याची अरेते म्हणजे न्याय. कोयत्यावरून न्यायावर मारलेली ही उडी मला कधीच पुरती पटली नाही, कारण न्याय ही आत्म्याची अरेते आहे हे संवादात सॉक्रेटिसशी वाद घालणाऱ्या थ्रॅसिमॅकसने आधीच मान्य केले, एवढ्याच आधारावर तो युक्तिवाद उभा आहे.

ॲरिस्टॉटल तोच धागा अधिक सावधपणे पुढे नेतो. वीणा वाजवूनच वादक घडतो, तसा धैर्याची कृत्ये करत करत माणूस धैर्यवान होतो; म्हणजे अरेते जन्मजात नसून अंगवळणी पडलेली वृत्ती आहे. ती दोन टोकांच्या मध्ये असते खरी, पण हा मध्य हिशेबातली सरासरी नव्हे. दहा मिना (मिना हे ग्रीक वजनाचे माप) अन्न फार आणि दोन मिना थोडे, म्हणून वस्तादाने सरसकट सहा मिनांचा खुराक ठरवला, तर तो मायलोसारख्या मल्लाला अपुरा पडेल आणि तालमीत नुकत्याच आलेल्या पोराला जास्त होईल. किती, केव्हा, कोणाशी आणि कशासाठी, हे ओळखणारे व्यवहारी शहाणपण नसेल तर मध्य सापडत नाही. 'मध्यममार्ग' म्हणून हा विचार दोन ओळींत उरकणाऱ्या पुस्तकांत नेमके हेच गळते.

रोमनांचा शब्द 'विर्तुस'. तो 'विर' म्हणजे पुरुष यावरून आला आहे आणि 'विर' हा आपल्या 'वीर' शब्दाचा सख्खा भाऊ. त्यामुळे त्यात आधी रणांगणच येते. सेनापती मार्केलसने इ.स.पू. 222 मध्ये क्लास्टिडियमच्या लढाईत मानसन्मानाची देवता होनोस आणि शौर्याची देवता विर्तुस यांच्या मंदिराचा नवस केला होता. पुढे पुरोहितांनी हरकत घेतली की एका गाभाऱ्यात दोन देवता ठेवल्या आणि वीज पडली, तर शांती कोणत्या देवतेची करायची हेच कळणार नाही. अखेर विर्तुससाठी वेगळे मंदिर बांधावे लागले.

रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरो याला या शब्दाचे हे मूळ पक्के ठाऊक होते; पुरुषाला सर्वांत शोभणारी गोष्ट म्हणजे धैर्य, असे तो लिहितोही. तरीही इ.स.पू. 44 मध्ये अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिताना त्याने हाच शब्द शहाणपण, न्याय, मनाचा मोठेपणा आणि संयम या चारही गोष्टींवर पसरवला. त्यात त्याचा मुख्य आधार पनैटिअस हा स्टोइक, म्हणजे स्टोआ या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाचा विचारवंत होता. स्टोइकांच्या मते अरेते हेच एकमेव श्रेय, म्हणजे खऱ्या अर्थाने चांगली गोष्ट. आरोग्य आणि पैसा पसंत करावेत, पण त्यांना श्रेय म्हणू नये. सिसेरोच्याच दुसऱ्या एका ग्रंथात स्टोइकांची बाजू मांडणारा रोमन राजकारणी कॅटो त्यासाठी तिरंदाजाचा दाखला देतो: नेम साधण्यासाठी करण्याजोगे सारे त्याने करावे, पण त्याचे साध्य ते 'सारे करणे' हेच असते, बाण लक्ष्यावर लागणे ही निवडण्याजोगी गोष्ट आहे, हाव धरण्याजोगी नाही.