देवघराच्या भिंतीत सापडलेला गडू कोणाचा?

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात आमच्या पणजोबांनी बांधलेला वाडा आहे. तो मोडकळीला आल्याने पाडकामाचा ठेका दिला. बारा दिवसांपूर्वी देवघराची भिंत उतरवताना एका मजुराच्या सब्बलीला तांब्याचा गडू लागला. तोंडाला मांजरपाटाचा बोळा होता व वरून चुना लिंपलेला होता. आत 143 चांदीचे रुपये व तोड्यांचा एक जोड निघाला. त्याच पोकळीत वीतभर उंचीची पितळी दीपलक्ष्मी आणि मेणकापडात गुंडाळलेला मोडी कागद होता. मला तीस वर्षांपासून जुनी नाणी, घड्याळे व एनॅमलच्या पाट्या जमवण्याचा छंद आहे. बहुतेक रुपये व्हिक्टोरिया राणीचे व पाचव्या जॉर्जचे आहेत, काही फारसी अक्षरांचे भोसलेकालीन वाटतात, आणि एक सहाव्या जॉर्जचा, 1940 चा आहे. ठेकेदार म्हणतो, ‘निम्मे-निम्मे करू आणि विषय संपवू.’ इतवारीतील एक सराफ सर्व आटवून द्यायला तयार आहे. पुण्याचे धाकटे बंधू वाटा मागतात. संग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटावर मी छायाचित्र टाकल्यावर दुबईच्या एका गृहस्थांनी चार नाणी कुरिअरने मागितली आहेत. हे धन माझे आहे का? शासनाला कळवावे लागेल का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. होय, कळवावे लागेल, आणि आता एक दिवसही न दवडता. हे धन कायद्याने आपल्या कुटुंबाचे ठरण्याची शक्यता मला चांगली दिसते. मात्र ते ठरवून घेण्याचा मार्ग जिल्हाधिकारी कार्यालयातून जातो आणि तो टाळल्यास हक्काचा वाटाही हातचा जातो.

अशा प्रकरणांना 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. ‘जमिनीत सापडले तरच गुप्तधन, भिंतीतले घरचे’ असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे; जमिनीत किंवा जमिनीला कायम जोडलेल्या वस्तूत दडवलेली कोणतीही मूल्यवान चीज ही या कायद्याने ‘निधी’च असते, आणि वाड्याची भिंत त्यात नि:संशय मोडते. निधीची किंमत 10 रुपयांपेक्षा जास्त असेल तर कलम 4 प्रमाणे शोधकाने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यायची असते. (ही दहा रुपयांची मर्यादा दीडशे वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती, आज आपल्या गडूतील एका रुपयानेही ती ओलांडली जाते.) सूचनेत निधीचे स्वरूप व अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण आणि तारीख द्यावी लागते, आणि निधी जवळच्या शासकीय कोषागारात ठेवावा लागतो किंवा मागाल तेव्हा हजर करू अशी हमी द्यावी लागते. आपल्या बाबतीत मी हमीपेक्षा कोषागार पसंत करीन. ज्या गोष्टीची ठेकेदार, सराफ आणि एक अख्खा व्हॉट्सॲप गट यांना माहिती आहे, ती घरच्या कपाटात ठेवण्यात शहाणपण नाही.

आता ‘शोधक’ कोण, हे पाहू. आपण शोधक नाही. आपण त्या जागेचे मालक आहात. गडू ज्याच्या सब्बलीला लागला तो मजूर शोधक, असे माझे मत आहे. ‘माझा मजूर कामावर असताना सापडले म्हणून शोधक मीच’, असा दावा ठेकेदार करू शकेल आणि त्यावर वाद होऊ शकेल. परंतु सूचनेच्या अर्जात त्या मजुराचे नाव घालून त्याची सही घ्यावी आणि अर्ज त्याचा व आपला संयुक्त असावा. त्याला वगळून केलेला अर्ज उद्या त्याच्या एका जबाबाने कोसळेल.

बारा दिवसांच्या विलंबाने फार घाबरून जाऊ नका. कायद्याने ठरावीक दिवसांची मुदत दिलेली नाही. नाणी मोजण्यात, भावाला कळवण्यात व सल्ला घेण्यात वेळ गेला, असे जसे घडले तसे लिहा. सापडल्याची तारीख मात्र पुढे ढकलू नका. ठेकेदाराच्या हजेरीपटावर ती भिंत कोणत्या दिवशी उतरली हे लिहिलेले असणारच. कलम 20 प्रमाणे सूचना न देणारा, किंवा ओळख लपावी म्हणून निधीचे रूप बदलणारा वा तसा प्रयत्न करणारा शोधक आपला वाटा गमावतो. तो वाटा शासनाकडे जातो, आणि दोषी ठरल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याला साथ देणाऱ्या जागामालकाचाही वाटा कलम 21 प्रमाणे जातो आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. सराफाने सुचवलेले ‘आटवून टाकणे’ हे रूप बदलण्याचे इतके चोख उदाहरण आहे की त्याबद्दल अधिक लिहीत नाही. ठेकेदाराच्या निम्म्या-निम्म्याची गोष्ट थोडी वेगळी आहे: निधीच्या वाटणीबाबत शोधक व जागामालक यांच्यात करार असू शकतो आणि कायदा तो मानतोही. गुन्हा ‘विषय संपवू’ या शब्दांत आहे.

सूचना पोहोचल्यावर जिल्हाधिकारी चौकशी करून जाहीर अधिसूचना काढतात आणि हक्क सांगणाऱ्या सर्वांना हजर राहण्यास एक दिवस नेमून देतात. तो दिवस अधिसूचनेपासून चार महिन्यांच्या आत नसतो आणि सहा महिन्यांपलीकडेही नसतो. त्या दिवशी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर न राहणाऱ्याचा हक्क बुडतो. पुण्याच्या बंधूंना हे वाक्य वाचून दाखवा.

आता आपला पहिला प्रश्न. निधी सापडल्याच्या तारखेपूर्वीच्या 100 वर्षांच्या आत, हजर असलेल्या दावेदाराने किंवा ज्याच्यामार्फत तो हक्क सांगतो त्या व्यक्तीने तो दडवला असावा, असे जिल्हाधिकाऱ्यांना सकारण वाटले, तर कलम 8 प्रमाणे ते सुनावणी तहकूब करतात आणि दावेदाराला दिवाणी न्यायालयात मालकी सिद्ध करण्यासाठी अवधी देतात. इथे आपला छंद आपल्या कामी येतो. गडू केव्हा बंद झाला हे त्यातील सर्वांत जुन्या नाण्यावरून ठरत नाही, सर्वांत नव्या नाण्यावरून ठरते. भोसल्यांच्या टांकसाळीचे रुपये मोगल बादशहाच्या नावाने पडत आणि ते पाहून सरकारी अधिकारी सहज ‘दोनशे वर्षांपूर्वीचे धन’ असा शेरा मारील. परंतु चुन्याने लिंपलेल्या त्याच गडूत 1940 चा रुपया असेल, तर तो 1940 पूर्वी बंद झालेला असूच शकत नाही. त्याच वर्षी रुपयातील चांदी सुमारे 92 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणली गेली. त्यानंतर जुने, चोख चांदीचे रुपये बाजारात न खर्चता बाजूला टाकणे हा साधा व्यवहार होता आणि आपल्या गडूतील बहुसंख्य रुपये त्याच जातीचे आहेत. म्हणून तो एक फिकट रुपया आपल्या दाव्याचा मुख्य साक्षीदार आहे. त्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र व वजन पंचनाम्यात स्वतंत्रपणे नोंदवून घ्या.

अर्थात, त्यावरून काळ कळतो, व्यक्ती कळत नाही. 1940 नंतर त्या देवघराचा ताबा आपल्याच घराण्याकडे होता, कोणी भाडेकरू वा पुजारी तिथे राहत नव्हता, हे आखीव पत्रिका (मिळकतीचा नगर भूमापन उतारा), कराच्या पावत्या आणि जुने वाटणीपत्र यांवरून दाखवावे लागेल. मोडी कागद आपण स्वतः उलगडू नये. जिल्हाधिकाऱ्यांसमोर जाणकाराकडून त्याचे वाचन करवून घ्यावे. त्यात पणजोबांच्या किंवा आजोबांच्या हातची याद निघाली तर दावा बराच सोपा होईल. उलट ते कोणा सावकारीतील तारणाचे टिपण निघाले, तर गडूतील तोडे दुसऱ्याच कुटुंबाचे ठरू शकतात, हीही शक्यता मनात असू द्या.

दावा टिकला नाही आणि निधी बेवारस जाहीर झाला, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधकाला आणि एक चतुर्थांश जागामालकाला मिळतो. हे प्रमाण वाचून वाडेमालक नेहमी चपापतात. ठेकेदार कदाचित पाडकामाच्या करारातील ‘निघणारे सर्व साहित्य ठेकेदाराचे’ या अटीकडे बोट दाखवील. माझ्या मते तिथे ‘साहित्य’ म्हणजे सागवानी खांब, तुळया, विटा व लोखंड एवढेच, कारण ते डोळ्यांसमोर ठेवूनच त्याने बोली लावली होती. महालातील जागा असल्याने आणखी एक गोष्ट तपासा. जमीन नझूल पट्ट्याची, म्हणजे शासनाने भाडेपट्ट्याने दिलेली असेल, तर पट्ट्याच्या दस्तात जमिनीतील निधी शासनाने स्वतःकडे राखून ठेवल्याची अट आहे का, हे पाहा. तशी अट असेल तर जागामालकाचा वाटा शासनाकडे जाईल. बंधूंशी वाटणी झालेली नसेल तर जागेचे मालक आपण दोघेही आहात. जागेच्या मालकीवरच भावांचा वाद उभा राहिला की वाटपाचे काम थांबते, तेव्हा दोघांनी मिळून एकच दावा दाखल करावा.

बेवारस ठरलेला निधी शासन स्वतःसाठीही घेऊ शकते, आणि 1863 पासूनचा आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, इथेच असताना भोसलेकालीन नाण्यांबाबत तसे होणे शक्य आहे. त्यासाठी धातूची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा एवढेच मिळते; संग्राहकाच्या बाजारातला भाव नव्हे. कलम 8 चा दावा नेटाने लढण्याचे हेही एक कारण आहे.

दुबईच्या गृहस्थांना आजच नकार कळवा. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियमाप्रमाणे किमान 100 वर्षे जुने नाणे हा पुरावशेष असतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यासाठी किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड आहे. पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये राज्य शासनाला लंडनच्या लिलावातून विकत घ्यावी लागली, हे आपल्या गटातील मंडळींना ठाऊक असेलच. नाण्यांची नोंदणी सक्तीची नाही, पण धातूच्या मूर्तींची आहे, म्हणून दीपलक्ष्मी शंभरी ओलांडलेली असल्यास ताबा आल्यापासून 15 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज हवा. आपल्याकडे तीन दिवस उरले आहेत. वयाबद्दल शंका असली तरी अर्ज करून टाका आणि मूर्ती कोषागारात असल्याचे त्यात नमूद करा. ती पुरावशेष आहे की नाही याचा अंतिम निर्णय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी करतो. आपली घड्याळे व पाट्या नोंदणीच्या वर्गात येत नाहीत. देशातल्या देशात पुरावशेष विकण्यास बंदी नाही, पण तो धंदा म्हणून करायचा तर परवाना लागतो.

तीन रुपये चिंचेने घासून लख्ख केल्याचे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. संग्राहकाच्या हातून हे कसे झाले, ते मी विचारत नाही. त्यावरील सन व छाप शाबूत असल्याने याला ओळख लपवणे म्हणता येणार नाही. ते तिन्ही रुपये वेगळ्या पाकिटात ठेवा, यादीत ‘सापडल्यानंतर साफ केलेले’ असे लिहा, आणि उरलेले 140 आहेत तसेच काळपट राहू देऊन सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयात अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा. एका प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.