शनिवार तेल्यांचे दालन

प्रश्न : अलिबाग तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात बेने इस्रायल (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) समाजावर एका खोलीचे कायमचे प्रदर्शन करायचे आहे. एक कुटुंब जुनी मराठी-हिब्रू प्रार्थनापुस्तके, चांदीचा पेला आणि तेलघाण्याची लाट (घाण्यात फिरणारा जाड लाकडी दांडा) द्यायला तयार आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुताराला बोलावण्याआधी समाजाच्या जाणत्या मंडळींना खोली दाखवा. अलिबागचे मागेन अबोथ आणि रेवदंड्याचे बेथ एल ही चालती प्रार्थनास्थळे आहेत; तिथली वस्तू म्हणजे पुराणवस्तू नव्हे. कुणी सेफर तोरा (ज्यूंच्या धर्मग्रंथाची गुंडाळी) देऊ केलीच, तर वाचनातून बाद झालेलीच घ्या. ती चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते, अक्षरांना बोट लावत नाहीत. देवाचे नाव असलेला फाटका कागद टाकून देत नाहीत, दफन करतात. तेव्हा पुस्तकातून निसटलेला कपटाही पाकिटात जपून कुटुंबाला परत द्या.

खरा वैरी पावसाळा. जांभ्याची भिंत ओल ओढते, म्हणून कपाट भिंतीपासून चार-सहा इंच पुढे आणि पायांवर उभे करा. दिवसभर एसी लावून रात्री बंद करणे सर्वांत वाईट : बाहेरची दमट हवा आत शिरते, गार वस्तूंवर दव धरते आणि आठवड्याभरात पुस्तकाच्या बांधणीवर बुरशी येते. त्यापेक्षा घट्ट बंद होणारे काचेचे कपाट, आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक बरा. काटा ६० टक्क्यांच्या वर सरकू लागला की जेल बदला. नव्या प्लायवूडला आणि ऑइलपेंटला महिनाभर वारा लागू द्या, नाहीतर त्यांच्या वाफांनी कागद पिवळा पडतो. पुस्तकावर उजेड ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचे एकक). उघडे पान दर तीन महिन्यांनी बदला.

लाटेला तेलपाणी करून चमकवू नका. जुन्या तेलाचा राप हीच तिची ओळख. मऊ ब्रशने धूळ झाडली की पुरे. खाली ताजा भुसा पडलेला दिसला तर लाकूड पोखरणारा भुंगा जिवंत आहे. तिला पुस्तकांजवळ आणू नका.

फलकावर 'शनिवार तेली' हे नाव का पडले ते लिहा : हा समाज तेल गाळायचा आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून. नवगावला गलबत फुटून सात जोडपी वाचली, ही समाजाची परंपरा आहे; ती 'समाज सांगतो' म्हणूनच लिहा, तिला साल चिकटवू नका. केहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशा आडनावांचा गाववार नकाशा मात्र जरूर लावा. आपले गाव शोधायला माणसे तिथेच रेंगाळतील. आणि उद्घाटन शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी नको, एवढे तरी सांभाळा.

प्रश्न : मलिद्याचे (बेने इस्रायलांच्या आभाराच्या विधीचे) ताट मांडावे का?

उत्तर : गोड पोहे, खोबरे आणि फळे कपाटात ठेवलीत तर तिसऱ्या दिवशी मुंग्या आणि मागोमाग झुरळे. रिकामे ताट, शेजारी मोठा फोटो आणि हा मलिदा एलियाहू हन्नावीच्या (प्रेषित एलियाहूच्या) नावाने करतात, एवढी ओळ पुरते.