इंजेक्शन ४० मिनिटं उशिरा झालं, म्हणून अंडी कच्ची राहिली का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी निपाणीची, वय ३४. बेळगावात आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) चालू आहे. अंडी फुटायचं इंजेक्शन रात्री १० ला घ्यायचं होतं. मिस्टरांची कोल्हापूरची बस चुकली, नर्सबाईंना घेऊन येईपर्यंत १०.४० झाले. पिकअपला, म्हणजे अंडी काढली तेव्हा, १२ अंडी मिळाली, पण पक्व फक्त ५. गर्भ राहिला नाही. मिस्टरांमुळेच झालं असं सासूबाई म्हणतात, मीही त्यांच्याशी धड बोलत नाही. पुढच्या वेळी इंजेक्शन कधी घ्यावं, म्हणजे अंडी चांगली येतील? लग्नाआधीपासून मिश्री लावते, त्याचा काही संबंध? सोनोग्राफीचा कागद जोडला आहे.

उत्तर : आधी मिस्टरांशी बोला. त्या ४० मिनिटांनी काही बिघडलेलं नाही.

ट्रिगरनंतर, म्हणजे तुमच्या त्या इंजेक्शननंतर, साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात. तुमचा पिकअप ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी १० ला झाला, म्हणजे ३५ तास २० मिनिटं मिळाली. ती पुरेशी आहेत.

‘अंडी फुटायचं इंजेक्शन’ या नावानंच घोटाळा होतो. फुटतं ते फॉलिकल, म्हणजे अंड्याभोवतीची पाण्याची पिशवी, आणि आयव्हीएफमध्ये ती फुटायच्या आत आम्ही अंडं काढून घेतो. इंजेक्शनचं काम वेगळं. आईच्या पोटात असल्यापासून अर्धवट थांबलेलं अंडं त्यानं जागं होतं, ४६ पैकी निम्मी गुणसूत्रं बाजूला टाकतं आणि शुक्रजंतूसाठी तयार होतं. पण हे जमायला फॉलिकल पुरेसं वाढलेलं लागतं. तुमच्या कागदावर त्या दिवशी १८ मिलिमीटरच्या वर तीनच आहेत, बाकीची बरीचशी १२-१३ ची. लहान फॉलिकलमधली अंडी पुष्कळदा कच्चीच निघतात. माझ्या मते कारण इथं आहे, घड्याळात नाही.

मग आणखी दोन दिवस थांबायला हवं होतं का? फॉलिकल रोज दीड-दोन मिलिमीटर वाढतं. थांबलं तर लहान पुढे येतात, पण मोठी जास्त पिकायची भीती असते, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढू लागतं. तो निर्णय रक्ताचे आकडे समोर ठेवून घ्यायचा असतो, त्यामुळे मी तुमच्या डॉक्टरांची चूक काढणार नाही. पुढच्या खेपेला मात्र त्यांना विचारा : सगळी फॉलिकल बरोबरीनं वाढावीत म्हणून सुरुवातीपासून औषध बदलता येईल का?

पक्व अंडं आणि चांगलं अंडं या दोन गोष्टी आहेत, हे मला कितीतरी जणींना परत परत सांगावं लागतं. ट्रिगरनं अंडं पक्व होतं. त्याचा कस मुख्यतः वयावर जातो, तो कुठल्याच इंजेक्शननं वाढत नाही. एएमएच या रक्ततपासणीच्या रिपोर्टवरूनही अंदाज येतो तो अंड्यांच्या संख्येचा.

मिश्री आजच बंद करा. निपाणीत तंबाखू घराघरात, मिश्री लावणाऱ्या बाईला कुणी व्यसनी म्हणत नाही, तरी ती तंबाखूच. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची बीजं लवकर संपतात हे पक्कं माहीत आहे, आणि मिश्रीतूनही निकोटिन अंगात जातंच. अंड्याची शेवटची वाढ सुमारे तीन महिने चालते, म्हणून पुढची सायकल (उपचाराची खेप) घेण्याआधी निदान तेवढे दिवस मिश्रीविना जाऊ द्या.

इंजेक्शनच्या रात्री जमलं तर बेळगावातच पाहुण्यांकडे राहा. निपाणीतच घ्यायचं असेल तर नर्सबाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवा. पावडरीच्या दोन बाटल्या असतील तर दोन्ही विरघळल्या का, हे स्वतः बघा. एक तशीच राहिलेली मी पाहिली आहे. आणि सुई टोचल्याची खरी वेळ त्याच रात्री डॉक्टरांना कळवा. खानापूरच्या एका बाईंचं इंजेक्शन पावसात लाईट गेल्यानं चार तास उशिरा झालं होतं, भीतीपोटी त्यांनी ते टेबलावर झोपल्यावर सांगितलं. रात्रीच फोन आला असता, तर पिकअप चार तास पुढे ढकलता आला असता.