गाडी मिसिंग करते आणि पेट्रोलही जास्त पिते. ऑक्सिजन सेन्सर बदलावा का?

लगेच नको. तुम्ही लिहिलंय की आयडलिंगला गाडी थरथरते, पिकअप गेलाय, अ‍ॅव्हरेज घसरलंय आणि चेक इंजिनचा दिवा लागलाय. प्लग बदलले, जुने काळेकुट्ट निघाले, फरक पडला नाही. आता मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलू म्हणतोय. सेन्सर खराब असूही शकतो. पण बहुतेक वेळा तो बिचारा सायलेन्सरमध्ये जे दिसतं ते खरं खरं सांगत असतो, आणि आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देतो.

आधी एक गोष्ट पक्की करा: ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःहून पेट्रोल वाढवतोय, की त्याची इच्छा नसताना पेट्रोल आत जातंय? याचं उत्तर ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूतले कोड आणि आकडे वाचणाऱ्या यंत्रावर मिळतं. मोबाइलला जोडायचं साधं यंत्रही चालेल. नुसता कोड वाचून थांबू नका. लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम बघा. एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा, हे प्रमाण राखायला ईसीयू सतत जी दुरुस्ती करतो तिचा हा टक्का. शॉर्ट टर्म (या क्षणाची) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेली) ट्रिम यांची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्क्यांत असेल तर ठीक. दहाच्या वर गेली की कारण शोधायचं.

बेरीज वजा असेल तर पेट्रोल कुठून तरी जास्त येतंय आणि ईसीयू ते कापायला बघतोय. मग इंजेक्टर गळतोय का, फ्युएल प्रेशर जास्त आहे का, पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडाच अडकलाय का, हे बघा. प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला तर आतला पडदा फाटलाय.

बेरीज अधिक असेल तर मामला जास्त गमतीचा आहे. ईसीयूला हवा जास्त वाटतेय म्हणून तो पेट्रोल वाढवतोय. इथे प्लगची साक्ष काढायची. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. नव्या प्लगवरही ती धरली असेल, तर हवा खरोखर जास्त नाही, ईसीयूची फसगत होतेय. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर तीच मोजतो. मिसिंगचंही तसंच: एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की तिथला न वापरलेला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो, आणि ईसीयू सगळ्याच सिलिंडरना जास्त पेट्रोल देत बसतो. तुमची थरथर बघता मला हाच संशय जास्त आहे. पी0301 ते पी0304 यातला कोड असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. त्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरला लावा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासा. या चाचणीला एक पैसा लागत नाही, तरी ती न करता चारही कॉइल बदलणारे लोक आहेत!

प्लग काळे नसतील आणि आयडलिंगला अधिक असलेली ट्रिम 2500 आरपीएमला खाली येत असेल, तर व्हॅक्यूमची गळती, म्हणजे फटीतून इंजिनात चोरून शिरणारी हवा शोधा. मात्र हा नियम एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाड्यांचा. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा ठरवणाऱ्या) गाड्यांत गळतीने बहुधा आयडलिंगचा आरपीएमच चढतो.

ट्रिमच्याही आधी बघण्यासारखं, आणि सर्रास विसरलं जाणारं, म्हणजे कूलंटचं तापमान. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला तर इंजिन नीट तापत नाही. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू मुद्दामच जास्त पेट्रोल देत राहतो. चांगलं अर्धा तास चालवूनही आकडा 80 अंशांच्या खाली रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट बघा. कूलंटच्या तापमानाचा सेन्सरच खोटं सांगतोय का हे बघायला रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन सुरू न करता, फक्त इग्निशन ऑन करा: कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं.

एअर फिल्टरचं फार मनावर घेऊ नका. इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप जातो, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. उलट एखाद्या चाकाचा ब्रेक घासत असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल तर अ‍ॅव्हरेज खातं, आणि ते कुठल्याच स्कॅनरवर दिसत नाही.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला आहे की लुकलुकतोय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. मग खर्च कितीतरी पटींनी वाढतो. लाइव्ह डेटाचे आकडे आयडलिंगला आणि 2500 आरपीएमला असे दोन्ही वेळचे इथे टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल. तोवर कोड पुसू नका. कोडबरोबर ईसीयूने शिकून साठवलेली ट्रिमही पुसली जाते आणि हातात काही उरत नाही.